छोट्या गाडीच्या डिक्कीत सबवूफर : बंद बॉक्स की पोर्टचा?

डग्गाप्रेमी (धागालेखक), ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर माझे तीन रविवार खर्ची पडले आहेत, म्हणून शेवटी इथे विचारतो आहे.

माझी गाडी टियागो, पेट्रोलवरची. डिक्की कागदोपत्री २४२ लिटरची. रोजचा प्रवास नागपुरात मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी आणि परत, बहुतेक सगळा सिमेंटच्या रस्त्यांवरून. गाडीत १२ इंची सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) बसवायचे आहे आणि ते मी आधीच घेऊन बसलो आहे, ही चूक असेल तर ती पदरात घेतो. सोबतच्या कागदावर एफएस (नैसर्गिक कंपनसंख्या) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (कंपन किती लवकर आवरते त्याचा आकडा) ०.५, व्हीएएस (सबवूफरच्या लवचिकतेइतकीच लवचिक हवा किती लिटर, ते) ५० लिटर आणि आरएमएस (सलग पेलणारी ताकद) ३०० वॅट असे आकडे आहेत. अ‍ॅम्प मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा आहे, तेवढ्याच ताकदीचा.

प्रश्न बॉक्सचा आहे. शहरातल्या एका दुकानात मला पोर्टचा, म्हणजे हवा बाहेर जायला नळी असलेला, तयार बॉक्स दाखवण्यात आला. रुंदी ८० सेंटिमीटर, उंची ३६, खाली ३० आणि वर २० सेंटिमीटर खोली. तो डिक्कीत ठेवल्यावर उरलेल्या जागेत एक सुटकेस आणि फार तर एखादी पिशवी मावेल. दुकानदारांचे म्हणणे असे, की बंद बॉक्स घेतलात तर “बेस खाली उतरणार नाही” आणि नंतर तुम्ही पुन्हा आमच्याकडेच याल. त्यांनी लावून दाखवलेल्या गाण्यात छाती हादरत होती हे खरे, पण प्रत्येक ठोका मला एकाच सुराचा वाटला.

मी मुख्यतः शास्त्रीय संगीत आणि नाट्यपदे ऐकतो. मला डग्ग्याचा घुमार हवा आहे, शेजारच्या गाडीची काच हादरावी अशी इच्छा नाही. घरात आई आहे, तिची चाकाची खुर्ची महिन्यातून दोनदा डिक्कीत जाते आणि हंगामात काटोलहून संत्र्यांच्या पेट्या येतात. अशा परिस्थितीत कोणता बॉक्स घ्यावा, तयार घ्यावा की सुताराकडून करून घ्यावा, याचे मार्गदर्शन व्हावे.

---

कानसेन_नाही, ९ फेब्रुवारी

दुकानातल्या प्रात्यक्षिकावर मत बनवू नये, एवढेच सांगायला आलो. तिथे वाजणारी गाणी निवडलेली असतात. त्यांतला बेस बहुधा बॉक्सच्या पोर्टला मानवेल अशाच पट्ट्यात असतो आणि गाडी उभी असते, इंजिन बंद असते, काचा वर असतात. आपण आपल्या आवडीचे, ज्यात डग्ग्यावर मनगट दाबून सूर वर-खाली नेला आहे, असे एखादे एकल तबलावादन पेनड्राइव्हवर घेऊन जा. तो सूर सरकताना सलग ऐकू येतो, की मध्येच एका जागी फुगतो आणि पुढे गायब होतो, ते पाहा. ज्याला आपण “एकाच सुराचा ठोका” म्हणालात, तो आपल्या कानाचा दोष नव्हता.

---

अर्धी_लहर, १० फेब्रुवारी

धागालेखकांनी आकडे दिले हे फार चांगले झाले. बहुतेक चर्चा “किती इंची” आणि “किती वॅट” यांवरच संपतात. या आकड्यांना थील-स्मॉल प्राचले म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली पोर्टच्या बॉक्सचे गणित मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद बॉक्ससकट पूर्णत्वाला नेले. त्याआधी बॉक्स हा पुष्कळसा अंदाजाचा मामला होता. आज कागदावरच्या तीन आकड्यांवरून घरबसल्या बरेच कळते.

बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी काम करते. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी नेमके हेच तत्त्व वापरून छोट्या खोक्यातून खोल बेस काढून दाखवला. खोका जितका लहान, तितकी स्प्रिंग कडक आणि तितकी सबवूफरची नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकते. हिशेब असा : व्हीएएसला बॉक्सच्या लिटरांनी भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या संख्येने एफएसला गुणले की बॉक्समधली कंपनसंख्या मिळते आणि क्यूटीएसला गुणले की बॉक्ससकटचा क्यू, म्हणजे कंपनसंख्येजवळ आवाज किती फुगतो त्याचा आकडा, मिळतो. आपल्या सबवूफरला ५० लिटर दिले तर क्यू ०.७०७ येतो, जो सर्वांत सपाट प्रतिसादाचा आकडा मानला जातो, आणि कंपनसंख्या सुमारे ४२ हर्ट्झ येते. २८ लिटर दिले तर क्यू ०.८३ आणि ५० हर्ट्झ. २० लिटरमध्ये कोंबले तर क्यू ०.९४ आणि ५६ हर्ट्झ.

आता दुकानदारांच्या “खाली उतरणार नाही” या वाक्याकडे येतो. ते वाक्य दिवाणखान्यात खरे आहे, गाडीत बरेचसे खोटे आहे. बंद बॉक्सचा आवाज त्याच्या कंपनसंख्येच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबल या वेगाने उतरतो. पोर्टच्या बॉक्सचा आवाज ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या सुराला घुमतो त्याच्या, खाली दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. पण गाडी ही अत्यंत लहान, जवळजवळ बंद खोली आहे. आतली लांबी अडीच मीटरच्या आसपास धरली, तर ध्वनीच्या ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने तेवढ्यात अर्धी लहर मावते ती सुमारे ६८ हर्ट्झची. त्याखालच्या सुरांची लहर गाडीत मावतच नाही, त्यामुळे सबवूफर लहरी पाठवण्याऐवजी सबंध गाडीतल्या हवेचा दाब कमी-जास्त करू लागतो, आणि या दाबामुळे आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत उचलला जातो. प्रत्यक्षात दारांच्या फटी, छताचा पत्रा आणि काचा यांतून काही दाब निसटतो, म्हणून पूर्ण १२ मिळत नाहीत. तरीही बॉक्स ज्या उताराने खाली जातो, जवळपास त्याच चढाने गाडी त्याला वर उचलते, ही गोष्ट छोट्या गाडीवाल्याने आधी ध्यानात घ्यायला हवी. गाडी जितकी लहान, तितका हा चढ वरच्या सुरापासून सुरू होतो. मोठ्या एसयूव्हीवाल्यांना हे सुख आपल्याइतके नाही.

पोर्टचा बॉक्स त्याच गाडीत ठेवला की ट्यूनिंगच्या आसपास पोर्टची वाढ आणि गाडीची वाढ एकमेकींवर चढतात आणि ३५ ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात टेकडी तयार होते. आपल्याला ऐकू आलेला एकसुरी ठोका ही ती टेकडी.

---

डग्गाप्रेमी, १० फेब्रुवारी

अर्धी_लहर, आपला प्रतिसाद दोनदा वाचला आणि वहीत गणित करून पाहिले. उत्तरे आपल्याइतकीच आली, याचा आनंद झाला. एक शंका आहे. सपाट प्रतिसादासाठी ५० लिटर लागत असतील, तर तो बॉक्सही दुकानातल्या पोर्टच्या बॉक्सइतकाच मोठा होणार. मग जागेचा फायदा काय? आणि २८ लिटरमध्ये क्यू ०.८३ झाला, तर ऐकताना काय बिघडेल?

---

अर्धी_लहर, १० फेब्रुवारी

जवळजवळ काही नाही. क्यू ०.८३ ला कंपनसंख्येच्या वर जो उंचवटा येतो तो अर्ध्या डेसिबलाहूनही कमी असतो. ०.९४ लाही तो जेमतेम एक डेसिबल भरतो. गाडीच्या काचा अर्धा इंच खाली केल्या तरी बेसमध्ये याहून मोठा फरक पडतो. ५० लिटरचा आग्रह मोकळ्या खोलीत धरावा, डिक्कीत २८ ते ३० वर थांबावे. आत पॉलिस्टरचा कापूस, उशीत भरतात तो, सैलसर भरला तर सबवूफरला बॉक्स साधारण १० ते २० टक्के मोठा भासतो. ठासून भरू नका आणि चुंबकाच्या मागच्या भोकापासून तो दूर राहील असे पाहा.

---

धडधडपुरा, ११ फेब्रुवारी

इथे पोर्टच्या बॉक्सची बाजू घेणारा मी एकटाच दिसतो, म्हणून जबाबदारीने लिहितो.

पहिली गोष्ट, सगळे पोर्टचे बॉक्स एकसुरी नसतात. तयार बॉक्स कुठल्यातरी सरासरी सबवूफरसाठी केलेला असतो आणि त्याचे ट्यूनिंग बहुधा वर, ४० हर्ट्झच्या पुढे ठेवलेले असते, कारण तिथे धडाका जास्त येतो आणि विक्री होते. तोच बॉक्स ३२-३३ हर्ट्झला नीट ट्यून केला तर आवाज पुष्कळ सभ्य होतो. दुसरी गोष्ट, सिमेंटचे रस्ते. गाडी उभी असताना जो बेस पुरेसा वाटतो, तो वर्धा रोडवर ६० च्या वेगाने निम्मा वाटतो, कारण टायरचा घरघराट नेमका खालच्या सुरांवरच बसतो. समृद्धी महामार्गावर १२० ला तर विचारू नका. ट्यूनिंगच्या आसपास पोर्ट जे तीनेक डेसिबल फुकट देतो, ते बंद बॉक्समधून काढायचे तर अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते.

मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर धागालेखकांच्या बाबतीत अडचण पोर्टच्या लांबीची आहे. ४५ लिटर निव्वळ जागा आणि ३५ हर्ट्झ ट्यूनिंग धरले, तर १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे ३५ सेंटिमीटर लांब लागते. २०-३० सेंटिमीटर खोलीच्या बॉक्समध्ये ती सरळ बसत नाही, तिला आडवी टाकावी लागते किंवा कोपरा द्यावा लागतो. व्यास साडेसात सेंटिमीटर केला तर साडेअठरा सेंटिमीटरमध्ये काम भागते, पण हवेचा वेग पावणेदोन पटींहून जास्त वाढतो आणि मोठ्या आवाजात पोर्टमधून फस-फस ऐकू येते. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवावा असे मानतात. तयार बॉक्समध्ये बारीक नळी का असते, हे यावरून कळेल.

शिवाय पोर्टच्या बॉक्सला अ‍ॅम्पमधला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) लावणे सक्तीचे आहे. ट्यूनिंगच्या खाली हवेची स्प्रिंग उरत नाही आणि सबवूफरचा शंकू, म्हणजे हलणारा पडदा, मोकाट हलतो. माझा पहिला सबवूफर असाच गेला, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजावेत. आणि त्यांच्या सबवूफरचा क्यूटीएस ०.५ आहे, तो पोर्टपेक्षा बंद बॉक्सकडेच झुकतो. तेव्हा या एका प्रकरणात मी माझे निशाण खाली ठेवतो.

---

दोन_लेकरांचा_बाप, ११ फेब्रुवारी

आपण सबवूफर आधीच घेतले नसते तर मी म्हटले असते, की सीटखाली बसणारे आठ इंची अ‍ॅम्पसकट येते ते घ्या किंवा स्टेपनीच्या पोकळीत बसणारे घ्या. जेबीएलचे बासप्रो हब स्टेपनीच्या रिममध्ये मावते. डिक्की जशीच्या तशी राहते. माझ्या गाडीत सीटखालचे आहे. डग्ग्याला पुरते, पखवाजाला थोडे कमी पडते आणि मुलांच्या गाण्यांना अजिबात पुरत नाही, असे मुलांचे म्हणणे आहे. चाकाची खुर्ची ज्या घरात आहे, त्या घरात डिक्कीतला प्रत्येक लिटर दोनदा मोजावा.

---

लकडगंजकर, १२ फेब्रुवारी

बॉक्स करून घ्यायचाच असेल तर लाकडाबद्दल चार गोष्टी सांगतो. आमचा व्यवसायच तो आहे.

१८ एमएम घ्यावे. जुने मिस्त्री “सहा सूत” म्हणतात ते थोडे जास्त, १९ च्या आसपास भरते, पण बाजारात १८ च मिळते. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) की प्लाय, हा वाद मी दुकानात रोज ऐकतो. एमडीएफ सगळीकडे सारख्या घनतेचे असते, आत पोकळी नसते, कापल्यावर कड स्वच्छ येते आणि बॉक्सला जे मख्खपण लागते ते त्यात असते. पण त्याला पाणी लागले की ते फुगते आणि पुन्हा बसत नाही. पावसाळ्यात ओल्या छत्र्या डिक्कीत टाकणारे आपण लोक आहोत. एमडीएफच घ्यायचे तर आतून आणि तळाकडून सीलर किंवा पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात मारावेत, विशेषतः कापलेल्या कडांना, कारण पाणी तिथूनच शिरते. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन किंवा निदान आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) घ्यावा. साध्या कमर्शियल प्लायच्या आत थरांमध्ये फटी असतात आणि त्या फटी सबवूफरच्या आवाजाला घरघरत उत्तर देतात. बाहेरून तो आवाज कुठून येतो ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही.

जोड नुसत्या खिळ्यांचा करू नये. फेव्हिकॉल लावून, आधी बारीक भोक पाडून स्क्रू मारावेत. एमडीएफच्या कडेत भोक न पाडता स्क्रू मारला तर ते उभे चिरते. आतल्या सगळ्या कोपऱ्यांत दुसऱ्या दिवशी सिलिकॉन भरावे आणि त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, किमान चोवीस तास, सबवूफर बसवू नये. त्या वाफा शंकूच्या डिंकाला आणि धातूच्या भागांना बाधतात. समोरची फळी, जिच्यावर सबवूफर बसते, ती दुहेरी केली तर उत्तम.

आणि माप काढताना बाहेरचे माप सांगून आतल्या लिटरांची अपेक्षा ठेवू नये. असे ग्राहक फार येतात.

---

सिलिंडरवाला, १२ फेब्रुवारी

थोडे अवांतर. माझी वॅगनआर सीएनजीची आहे आणि डिक्कीत ६० लिटरचे सिलिंडर आहे. वर फळी टाकून त्यावर बॉक्स ठेवता येईल का?

---

लकडगंजकर, १२ फेब्रुवारी

कृपया करू नका. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचायला हवा, तपासणीच्या वेळी त्यावरचा शिक्का दिसायला हवा आणि त्याच्या आजूबाजूला स्क्रू मारण्याचा विचारही करू नये. आपल्यासाठी दोन_लेकरांचा_बाप यांनी सांगितलेले सीटखालचे सबवूफर योग्य आहे.

---

अर्थिंग_पक्के, १३ फेब्रुवारी

बॉक्सचा धागा आहे, तरी वायरिंगचे थोडे लिहितो, कारण चांगल्या बॉक्सचा आवाज वाईट वायरीने घालवलेला मी पाहिला आहे.

३०० वॅटच्या मोनोब्लॉकची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो बॅटरीकडून ३७५ वॅट मागतो. १३.८ व्होल्टला हे सुमारे २७ अँपिअर झाले. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर धरले, तर आठ गेजच्या शुद्ध तांब्याच्या वायरीत पाव व्होल्टच्या आसपास पडतो, हे चालण्यासारखे आहे. मात्र बाजारात तयार “किट” म्हणून जी वायर मिळते, ती बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यात त्याच जाडीला जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो. ती घ्यायची तर चार गेजची घ्यावी. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे टोक ब्लेडने खरवडून पाहणे. आतून पांढरे निघाले तर समजून जावे.

४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायरीसाठी असतो. पुढे कुठे पत्र्याला घासून वायर उघडी पडली तर गाडी पेटू नये, एवढेच त्याचे काम. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवा. अर्थिंग डिक्कीतल्या पत्र्याचा रंग खरवडून, शक्य तितक्या आखूड वायरीने घ्यावे आणि सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी कधीही वापरू नये. वीजवाहक वायर एका बाजूने आणि सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी ऐकावी लागत नाही.

---

डग्गाप्रेमी, ३ मार्च

बॉक्स तयार झाला. उशीर माझ्यामुळे झाला, सुतारांमुळे नव्हे. दर वेळी मी नवे माप घेऊन जात होतो.

शेवटी ठरलेली मापे अशी. रुंदी ६०, उंची ३६, तळाशी खोली २६ आणि वर १६ सेंटिमीटर. मागच्या सीटची पाठ ३६ सेंटिमीटर उंचीला साधारण १० सेंटिमीटर मागे कलते, म्हणून सीटकडची फळी तेवढीच तिरपी ठेवली. त्यासाठी सुतारांनी करवतीचे पाते साडेपंधरा अंशांवर लावून कडा कापल्या आणि हे करताना ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती इथे वर्णन करीत नाही. १८ एमएमच्या फळ्या वजा केल्यावर आत ५६.४ गुणिले ३२.४ गुणिले सरासरी १७.४, म्हणजे ३१.८ लिटर उरतात. सबवूफरची चौकट आणि चुंबक यांचे दोन आणि आतल्या आधारपट्ट्यांचे एक लिटर काढले की हाती सुमारे २८.८ लिटर येतात. चुंबकाच्या मागे चार सेंटिमीटर मोकळे राहिले. फळी एमडीएफची घेतली, आतून सीलर मारले.

वजन काट्यावर सबवूफर आणि अ‍ॅम्पसकट वीस किलोला थोडे कमी भरले. म्हणून बॉक्स नुसता ठेवला नाही. जोराचा ब्रेक लागल्यावर वीस किलोचे लाकूड आईच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळावे अशी माझी इच्छा नव्हती. दोन पट्टे डिक्कीतल्या कड्यांना आवळले आहेत. तळाला स्क्रू मारायचा विचार होता, पण गाडीखाली वाकून पाहिल्यावर तिथून काय काय जाते ते दिसले आणि तो विचार सोडला.

हवाबंदपणाची चाचणी सुतारांनीच शिकवली. शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत दाबून सोडला की तो झटकन उसळी न मारता सावकाश बाहेर यायला हवा. पहिल्या वेळी तो लगेच बाहेर आला. वायर जाते त्या भोकातून हवा गळत होती. तिथे सिलिकॉन भरले.

आता आवाजाबद्दल. लो-पास (वरचे सूर सबवूफरकडे जाऊ न देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवला आहे. सबवूफरचे तोंड मागच्या दाराकडे आहे. पहिल्या दिवशी बेस अगदीच कमी वाटला आणि मला दुकानदारांचा चेहरा आठवला. मग कानसेन_नाही यांनी फोनवर नुसते फेजचे (सबवूफरची कंपने पुढच्या स्पीकरांशी जुळवणारे) बटण फिरवायला सांगितले. बटण १८० वर नेताच पुढच्या स्पीकरांशी भांडण मिटले आणि डग्गा एकदम डॅशबोर्डवर येऊन बसला. बेस मागून येतो आहे असे वाटतच नाही. मनगट दाबून सूर वर नेताना तो सलग सरकतो, कुठे फुगत नाही.

मृग बहारातल्या संत्र्यांच्या दोन पेट्या परवा काटोलहून आल्या, त्या बॉक्सशेजारी बसल्या. खुर्ची मात्र बसली नाही. घडी केलेली खुर्ची आडवी जाण्यासाठी ६० ऐवजी ५२ सेंटिमीटर रुंदीचा बॉक्स हवा होता. खुर्चीचे माप मी चाके काढून घेतले होते आणि रोज कोणी चाके काढत नाही. दवाखान्याच्या दिवशी पट्टे सोडून, वायरीचा प्लग काढून बॉक्स घरात ठेवतो. प्लगची सूचना अर्थिंग_पक्के यांची, त्यामुळे हे दोन मिनिटांचे काम आहे.

---

अर्धी_लहर, ३ मार्च

अभिनंदन. ५२ सेंटिमीटर रुंदीचा पुन्हा करायचा झाला तर आतले निव्वळ लिटर २४ च्या आसपास येतील आणि क्यू ०.८८. बिनधास्त करावा. कापूस थोडा वाढवा.

---

धडधडपुरा, ४ मार्च

वर्धा रोडवर वेगात ऐकलेत का?

---

डग्गाप्रेमी, ४ मार्च

ऐकले. आपले म्हणणे निम्मे खरे ठरले. साठच्या वेगाला विलंबित ख्यालातला ठेका टायरच्या आवाजात बुडतो, त्यासाठी सबवूफरचा आवाज दोन घरे वाढवावा लागतो आणि उतरल्यावर पुन्हा कमी करावा लागतो. मात्र आवाज वाढवल्यावर अ‍ॅम्प दमला असे वाटले नाही.

---

कानसेन_नाही, ४ मार्च

तो वाढवलेला आवाज घराच्या गल्लीत शिरताना आठवणीने कमी करावा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खालचे सूर भिंतीतून आरपार जातात. आपल्याला आत मध्यम वाटणारा डग्गा शेजाऱ्यांना पलंगावर जाणवतो.

---

डग्गाप्रेमी, २१ मे

उन्हाळ्याचा अहवाल द्यायचा राहिला होता. गेले पंधरा दिवस पारा ४४-४५ च्या आसपास आहे आणि गाडी कार्यालयात उघड्यावर उभी असते. संध्याकाळी निघताना पहिली दहा मिनिटे अ‍ॅम्प संरक्षणात जातो, लाल दिवा लागतो आणि बेस बंद पडतो. एसीने गाडी निवल्यावर आपोआप सुरू होतो. अ‍ॅम्प बॉक्सच्या पाठीवर, सीट आणि बॉक्स यांच्या फटीत बसवला होता, तिथे वारा लागत नाही. आता तो बॉक्सच्या कडेला, उष्णता सोडणारे पंख उभे राहतील असा हलवणार आहे.

दुसरे म्हणजे बॉक्सवरचे कार्पेट वरच्या कोपऱ्यातून सुटले आहे. डिंक उन्हाने मऊ पडला. बॉक्सला काही झालेले नाही, जोड घट्ट आहेत, दाबून सोडल्यावर शंकू अजूनही सावकाशच येतो. लकडगंजकर, कार्पेट कशाने चिकटवावे?

---

लकडगंजकर, २१ मे

स्प्रेचा डिंक वापरला असणार, तो आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. रबराचा, उष्णता सहन करणारा म्हणून डब्यावर लिहिलेला घ्या. दोन्ही पृष्ठभागांना लावून दहा-पंधरा मिनिटे, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्या आणि मग दाबा. शिवाय कार्पेटची कड तळाखाली वळवून तिथे स्टेपलरच्या पिना मारा. काम सकाळी आठच्या आत उरका, दुपारी डिंक डब्यातच सुकतो.

---

डग्गाप्रेमी, २५ मे

कार्पेट रविवारी सकाळी सात वाजता चिकटवले. अ‍ॅम्प कडेला हलवला, काल ४४ अंशांत एकदाही लाल दिवा लागला नाही. ५२ सेंटिमीटरचा नवा बॉक्स पावसाळ्यानंतर करणार आहे. या वेळी खुर्चीचे माप चाकांसकट घेऊन ठेवले आहे.